गप्प बसायची खुर्ची

मीनलच्या वडिलांनी, आबांनी, मला आयुष्यात एकदाच फोन केला. मी वेंगुर्ल्यात बँकेच्या काउंटरवर होते. "चेडू गेला गो माझा," लेकीबद्दल एवढंच म्हणाले. ती आजारी होती, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी समोरच्या माणसाचं पासबुक हातात धरून मी तशीच बसून राहिले...

आम्ही शिरोड्याच्या शाळेत एका बाकावरच्या. पदवीनंतर मी बँकेच्या परीक्षा दिल्या आणि तिने पुण्याला सर्जनशील लेखनाच्या एम. ए.ला नाव घातलं. आबा माडांच्या बागेचे मालक, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "लिवक तू पयलीतच शिकलंस मगे! आता आणि एम. ए. कसला?" त्यानंतर तिच्या लिहिण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बरा नाही, वाईटही नाही. मीनलला तेच लागलं होतं. "गाळी घातले तरी चलात गो, पण वाचून घालूक व्हये," ती म्हणायची.

एम. ए. करून माणूस थेट लेखक होतो, असा माझा भाबडा समज होता. तिच्या वर्गातला एक जण जाहिराती लिहू लागला, एक मैत्रीण प्रकाशकाकडे दुसऱ्यांची पुस्तकं सुधारू लागली आणि मीनल मुंबईत मालिकांचे संवाद लिहू लागली. सासवा-सुनांची भांडणं लिहून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. आबा ती मालिका रोज बघत. शेवटी तिचं नाव इतक्या घाईने सरकायचं, की आबांचा चष्मा सापडेपर्यंत ते निघून जायचं... निदान ते तसं सांगायचे.

पुढे मुंबईला कंटाळून ती घरी आली. इथूनच ऑडिओ कथा लिहायची आणि रविवारी घरापुढच्या खळ्यात आम्हा हौशी मंडळींना जमवायची. एम. ए.च्या वर्गातला एक नियम तिने आणला होता. ज्याचं लिखाण वाचलं जाईल, त्याने लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग मीनल म्हणायची, "सगळ्यांचा झाला? आता बोल." तो बोलताना इतरांनी गप्प. आमच्याकडे माणसाला गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच. माझ्या कथेची चिरफाड चालली असताना मी भांडायला उठले, तर तिने हाताला धरून खाली बसवलं. आबा ओटीवर सुपारी कातरत असायचे. लक्ष नाही असं दाखवायचे, पण मी निघताना हळूच विचारायचे, "त्या म्हाताऱ्याक शेवटाक मारलंस कित्याक?" माझ्या कथेबद्दल विचारायचे, लेकीच्या लिहिण्याबद्दल नाही. मला त्यांचा राग यायचा, अजून थोडा येतो.

स्वतःची कथा तिने त्या खळ्यात कधीच वाचली नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र इस्पितळातून तिने मला मोबाइलवर एक पाठवली. एकाच घरात न बोलता राहणाऱ्या बापलेकीची. खाली लिहिलं होतं, "आयतवारी वाच. आबा ओटीर आसतीत तेवाच."

गेल्या रविवारी आम्ही जमलो. लाल खुर्ची कोणीतरी सवयीने मांडली, ती रिकामीच राहिली. मी कथा वाचली. एकेक जण बोलला. शेवट लांबलाय, असं मीही सांगितलं. खोटं कौतुक तिला चाललं नसतं. मग सगळ्यांचं बोलून झालं. ओटीवरचा अडकित्ता कधीचा थांबला होता. आबा उठून खळ्यात आले.

"बापूस बरोबर लिवलंस," ते खुर्चीकडे बघत म्हणाले. "तसोच आसंय मी."

आमच्याकडे एकदा बघून ते पुन्हा खुर्चीकडे वळले.

"सगळ्यांचा झाला मा? आता बोल गो चेडवा."

लेखकाच्या पाळीत इतरांनी बोलायचं नसतं. आम्ही कोणी बोललो नाही.