माझ्या नावाची बिलं

नव्वदच्या आसपास आम्ही कळमनुरीत घर बांधलं. दोन खोल्या नि पुढं ओटा. संडास-न्हाणी नाहीच, पैसे तिथवर पुरले नाहीत. पाच-सहा वर्षं त्यात राहिलो, मग माझी नांदेडच्या शाळेत बदली झाली आणि घर भाड्यानं दिलं. भाडेकरूंचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. मी त्यांना टेलरभाऊ म्हणायचे, ते मला बाई.

दोनेक वर्षांनी ते विचारायला आले. "बाई, लेकी मोठ्या होऊन राहिल्या. मागं संडास-न्हाणी बांधू का? वर टाकी बी बसवतो. तुमाला तकलीफ न्हाई, खर्च माझा."

"बांधा की! विचारता काय, आपलंच घर आहे." बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं? भाडं मात्र मी एका महिन्याचंही सोडलं नाही.

पुढं पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी घर विकायला काढलं. राहायचं घर विकलं की कर लागत नाही, अशा भ्रमात मी खुशाल होते. कर सल्लागारानं तो उतरवला. म्हणाला, "त्या पैशातून दुसरं घर घेतलंत तर सूट आहे. तुम्ही तर फी भरणार. मग नफ्यावर कर बसणारच. पण मधे घरात काही बांधकाम केलं असेल, तर तो खर्च नफ्यातून वजा होतो. बिलं आहेत?"

मी दुसऱ्याच दिवशी कळमनुरी गाठली. आधी टेलरभाऊंना सांगितलं, घर विकतोय, दोन महिन्यांत खाली करा. मग त्याच दमात विचारलं, "त्या बांधकामाची बिलं ठेवलीत का हो?" काय म्हणावं या बाईला!

ते आत गेले आणि शर्टाच्या कापडाची एक पिशवी घेऊन आले. सिमेंट, सळई, फरशी, टाकी, नळ, सगळी बिलं क्रमानं लावलेली. आणि प्रत्येकावर माझं नाव.

"माझं नाव कशाला घातलंत?"

"घर तुमचं, तर बिल बी तुमच्याच नावानं पायजे ना, बाई. उद्या कुणी म्हणाया नको, भाडेकरू घरावर हक्क सांगून राहिला."

"भाऊ, या खर्चाचे पैसे घ्या," एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण फीचा आकडा डोळ्यांपुढं आला आणि मी म्हणाले, "बरं झालं, जपून ठेवलीत." पिशवी पर्समध्ये घातली नि त्यांच्याच घरचा चहा पिऊन निघाले.

सल्लागारानं एकदा विचारलं, "खर्च तुम्हीच केला ना?"

"मग काय शेजाऱ्यानं केला?" मी फणकारले. कॉपी करणाऱ्या पोरींना वर्गाबाहेर उभं करणारी मी! जीभ जराही अडखळली नाही. कर चांगला घसघशीत कमी झाला. फी वेळेवर भरली. नवऱ्याला मी बिलांचं सांगितलं नाही, आजतागायत नाही.

टेलरभाऊंनी सांगितल्या दिवशी घर सोडलं. फरशी धुऊन किल्ली हातात दिली. मी त्यांचं डिपॉझिट परत केलं, आणि खरं सांगते, तेवढ्यानं मला हलकंही वाटलं होतं. शरम वाटायला हवी होती ती नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही.

वर्षभरानं एका लग्नाला कळमनुरीला गेले होते. मांडवात टेलरभाऊ भेटले. सोबत त्यांचे नवे घरमालक होते. त्यांना माझ्यापुढं आणून ते म्हणाले, "ह्या आमच्या जुन्या मालकीणबाई. लई इमानदार माणूस. आमी घर सोडलं तवा डिपॉझिटातला एक रुपया कापला न्हाई."

त्या गृहस्थांनी मला हात जोडले.

"कापायचं कशाला, भाऊ?" मी म्हणाले, आणि तेही हसून. "घर तुम्ही किती नीट ठेवलं होतं."