धुतलेला नमुना

दुष्काळाचं वर्ष होतं. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत, त्यामुळे आमच्या दूध संस्थेत सकाळी कॅन कमी आणि गप्पा जास्त. मी तिथं दूध तपासायचो. झाकण काढलं की सोडा घातलाय की औषध, ते वासावरून सांगायचो. त्या नाकाची मला भारी घमेंड होती.

त्याच उन्हाळ्यात बायकोच्या ओठाच्या आतून बारीक गाठी आल्या. दुखत नव्हत्या, पण जातही नव्हत्या. ती लग्नाआधीपासून दातांना तंबाखूची मिश्री लावायची. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण तिनं पोरीला आपल्या ताटात जेवू देणं बंद केलं.

पाटोद्याच्या दातांच्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. "तसं काही वाटत नाही. पण मिश्री लावता, तर तपासल्याशिवाय सुट्टी नाही." त्यांनी एका गाठीचा तुकडा काढून औषध भरलेल्या बाटलीत टाकला. तिथल्या लॅबवाल्यानं बाटलीला हातही लावला नाही. "आमच्याकडं रक्त-लघवीचंच हुतंय. हे बीडला न्यावं लागतंय."

बायकोला गावच्या जीपमध्ये बसवून मी एकटाच बीडच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो. बाटलीचं झाकण सैल होतं. वास आला आणि मी ताठ झालो. फॉर्मालिन! दूध नासू नये म्हणून चोरून घालतात ते. असला कॅन मी दारातूनच परत पाठवायचो. बीडवाल्यानं हा नमुना तसाच परत पाठवला तर? मी बाटली ओतून दिली, विकतच्या पाण्यानं तुकडा दोनदा धुतला, बाटलीत चांगलं पाणी भरलं आणि ती बर्फाच्या पिशवीत ठेवली. आमचे दुधाचे नमुने असेच जायचे.

बीडला पोचेपर्यंत लॅब बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधल्या बाईंनी बाटली उजेडात धरली.

"यातलं औषध कुठंय?"

मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"भाऊ, त्या औषधातच तुकडा टिकतो. यावरून आता काही सांगता येणार नाही. पुन्हा काढून आणा."

घरी सांगताना माझी मान वर होईना. "परत कापायचं?" ती एवढंच म्हणाली. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, आठ दिवसांनी येणार होते. त्या आठ दिवसांत तिची धाकटी बहीण येऊन राहून गेली. बायकोनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरा तुकडा गेला, तो आहे तशा बाटलीतून. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, "विषाणूमुळे येतात या गाठी. निरुपद्रवी आहेत, हळूहळू आपोआप जातील. मिश्री मात्र सोडा."

बाहेर आल्यावर मी येड्यासारखा हसत सुटलो. ती पायरीवर बसून ढसाढसा रडत होती.

"अगं, आता कावून रडतीस? काईच न्हाई निघालं."

"तुमी नमुना धुऊन आलात, परत कापायचं म्हणलं, तवाच मी आशा सोडली. धाकटीला बोलवून घेतलं. म्हणलं, माझ्यामागं पोरीला तू सांभाळ. दाजीच्या घरात तूच ये. लई रडली ती, पण हो म्हणली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आवं, बघत काय बसलात? आदी तिला फोन लावा."