बाळंतिणीच्या सात्या

माझा थोरला मुलगा भर पावसाळ्यात जन्मला. चिचगडकडच्या आमच्या गावात तेव्हा भाताचे रोवणे सुरू होते. मला दूधच आलं नाही. डब्यातलं दूध गोंदियाच्या गोऱ्या साहेबांकडे असतं, एवढं फक्त ऐकून माहीत होतं. जाऊबाईंची मुलगी अजून अंगावर पीत होती, म्हणून त्याच माझ्या पोराला मांडीवर घेत. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. शेजारच्या बाया डोकावून विचारत, "आलं का वो?" मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका सकाळी सासूबाई बांधावरच्या वारुळाशी उगवलेल्या सात्या ओटीत घेऊन आल्या. अळंबीला आमच्याकडे सात्या म्हणतात. एकेकीचा देठ मोडून, वास घेऊन त्यांनी त्या निवडल्या, माती धुतली आणि जवसाच्या तेलात लसूण घालून पातळ रस्सा केला. घरभर मटणासारखा वास सुटला. सासरे, दीर, सगळे लगबगीनं जेवायला बसले. त्यांच्या ताटात वरणभातच पडला.

"सात्या बाळंतिणीच्या," सासूबाई म्हणाल्या. "ताकद येते, दूध उतरते."

वाटी माझ्यापुढे आली. मी ती मागे सारली.

"माय, सगळ्यायले द्या ना जरासं."

"खाय मुकाट्यानं. कायले लाजून राहिली?"

पुढंही सात्या आल्या की माझ्याच वाटीत पडत.

मी बाजेवरून उठले, त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी सासऱ्यांना पाणी देत होते, तेवढ्यात आत पोर रडलं आणि माझं लुगडं भिजलं. सासऱ्यांनी मान फिरवली. मी पळत आत आले. दूध आलं तेही असं, सासऱ्यांसमोर खाली बघायला लावून. ते सात्यांनी आलं की त्या निमित्तानं मिळालेल्या विश्रांतीनं, मला सांगता येत नाही. सासूबाईंना मात्र शंका नव्हती.

पण पोर मला घेईना. तोंड फिरवून रडे.

"मी घरात हाओ तोवर तो तुले धरत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "रोवण्याले जातो मी."

मुलीलाही घरीच ठेवून त्या गेल्या. पोर रडून रडून थकलं आणि शेवटी माझ्या अंगावर प्यायला लागलं.

संध्याकाळी जाऊबाई छाती धरूनच परतल्या. दूध साठून दगड झालं होतं. सासूबाई शेकायला विस्तव घेऊन धावल्या.

"पेला का तो?" जाऊबाईंनी दारातूनच विचारलं.

मी नुसती मान डोलावली. वर बघण्याची छाती झाली नाही.