नीमाचं ताट

बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात मी वाढले. भूतखेत, करणी, अंगात येणं... आमच्याकडे यातलं काही बोललं तरी बाबा टीव्हीचा आवाज मोठा करतात. या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर वाचायचे ते हसायला. तेव्हा आता माझ्यावर हसणाऱ्यांना माझी पूर्ण परवानगी आहे!

मी प्रज्ञा. राहणार जबलपूर, इथल्या गोरखपूर बाजाराच्या मागे. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून इथे आलो, ते इथलेच झालो. मी इथल्या एका विद्यापीठात एम.ए. करते आणि स्टुडंट्स युनियनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांची प्रतिनिधी आहे. हे पद कोणालाच नको होतं. ना हारतुरे, ना भाषण. नुसते फॉर्म, व्हिसाच्या तारखा आणि खिडकीपलीकडचे बाबू. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक दाबायला मला आवडतं. म्हणून मी ते घेतलं.

परदेशी मुलींना इथे लोकल गार्डियन लागतो. तिथे मी आईचं नाव देते. आईनेही ते फार मनावर घेतलंय. नवीन मुलगी आली की आई बाजारातल्या भांडेवाल्याकडून स्टीलचं ताट आणते, त्यावर मशीनने नाव घालून घेते आणि मुलीच्या हातात देते. आमच्यात भांडं दिलं की त्यावर नाव घालतातच. मुली ती ताटं होस्टेलच्या मेसमधल्या रॅकवर ठेवतात. टांझानियाहून शेतीशास्त्र शिकायला आलेल्या नीमाचंही ताट तिथेच असायचं. ती आईला ‘मम्मी’ म्हणते.

गेल्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे नागपूरला, दीक्षाभूमीला निघालो होतो. तिथून पुढे पाच दिवस मामाकडे मुक्काम. नीमाही येणार होती. मी हौसेने तिचा आउटपास, म्हणजे होस्टेलबाहेर राहायची परवानगी, चार दिवस आधीच भरून ठेवला. कारण – लोकल गार्डियनसोबत नागपूर. निघायच्या सकाळी तिचा फोन आला, “प्रज्ञा, हल्का बुखार है। तुम लोग जाओ, मैं सो जाऊँगी।”

आम्ही गेलो, आणि आउटपास रद्द करायचा राहिला. ही चूक माझी. नियम सगळ्यांना शिकवणाऱ्या माझीच.

गेटवरच्या बोर्डावर तिच्या नावापुढे ‘आउट’ लागलं. सुट्टीमुळे होस्टेल रिकामं, मेसला कुलूप, वॉर्डन मॅडम माहेरी, जबलपूरजवळच्या पाटनला. मी दोनदा फोन केला, तो बंद लागला. झोपली असेल, म्हणून मी पुन्हा गर्दीत शिरले. हे लिहितानाही लाज वाटते.

परतले त्या सकाळी थेट होस्टेलवर गेले. गेटवरचे भैया म्हणाले, “नीमा दीदी तो आपके साथ गई थीं ना?” मी धावत वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. नीमा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, अर्धी झालेली... पण शुद्धीवर. मला बघून हसली.

डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, “पाँच-छह दिन का बुखार है। खाना-पानी ठीक से मिलता रहा, इसलिए बच गई।” कोणी दिलं, हे मी तेव्हा विचारलंच नाही. ती जिवंत होती, तेवढं मला पुरे होतं.

पण ऑफिसला पुरे नव्हतं. आउटपासवर नागपूर, आणि मी तर सांगून बसलेली की ती आमच्याबरोबर आलीच नव्हती. मग परदेशी मुलगी पाच दिवस होती कुठे? प्रकरण डीन सरांकडे गेलं. निकाल उलटा लागला असता तर नाव कमी, नाव कमी म्हणजे व्हिसा संपला, आणि शेवटच्या वर्षात नीमा परत घरी.

डीनच्या केबिनबाहेर वॉर्डन मॅडमनी मला बाजूला घेतलं. “अरे, लिख दो ना कि तुम्हारे साथ थी। बात खत्म।”

“नहीं मॅडम. कल किसी ने टिकट माँगा तो झूठी वो ठहरेगी, मैं नहीं. और बीमार लड़की पाँच दिन अकेली पड़ी थी, ये कागज़ पर आना ही चाहिए. मेरी गलती समेत.”

आत डीन सरांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून बघत नीमाला विचारलं, “मेस बंद थी। खाना कौन देता था?”

“प्रज्ञा की मम्मी,” नीमा सहज म्हणाली. “रोज़ दो बार। मेरी थाली में लाती थीं, खिलाती थीं, फिर थाली ले जाती थीं।”

डीन सर माझ्याकडे वळले. “आपकी मम्मी तो नागपुर में थीं?”

एक ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटलो असतो. आई मागे राहिली होती म्हणायचं, झालं. शेजारी नीमा माझा हात धरून बसली होती आणि खरं बोलले तर खोटी तीच ठरणार होती... पण तिच्यासाठी खोट्यावर उभी राहिले असते, तर पुढच्या मुलीसाठी कोणत्या तोंडाने भांडले असते?

“नागपुर में ही थीं, सर. पाँचों दिन,” मी म्हणाले. “लेकिन नीमा झूठ नहीं बोलती. आप मेस खुलवाइए. थाली देखते हैं.”

“थाली से क्या होगा?”

“पता नहीं, सर. देखे बिना मैं नहीं जाऊँगी.”

मला खरंच माहीत नव्हतं. पण मी खुर्चीवरून उठले नाही.

भर दिवसा, अकरा वाजता आम्ही मेसपाशी गेलो. मेसचा आचारी अजून गावाहून परतला नव्हता, सुट्टीपासून मेस उघडलीच नव्हती. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप कुरकुरत उघडलं. टेबलांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. रॅकवरच्या ताटांवरही तीच धूळ, सारखी पसरलेली.

एक ताट सोडून. ते घासून उपडं घातलेलं होतं. नीमाचं. मी उचललं तर काठावरून पाण्याचा थेंब माझ्या पायावर पडला. डीन सरांनी रॅकवर बोट फिरवलं. ताटाखालची जागा तेवढी ओली होती.

वॉर्डन मॅडम बाकावर बसल्याच. “चाबी तो मेरे पास थी सर... पाटन में।” मग त्या हळूच म्हणाल्या, “गलती मेरी है। मैंने बोर्ड देखा, कमरे नहीं देखे।”

मीही माझी चूक लिहून सही केली. डीन सरांनी डॉक्टरांचं पत्र आणि आम्हा दोघींचे जबाब फाइलला लावून शेरा मारला – विद्यार्थिनी होस्टेलमध्येच होती, आजारी होती. ताटाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

त्या दिवशी मी नीमाला घरी घेऊन आले. रिक्षात विचारलं, “मम्मी क्या खिलाती थीं?”

“खिचड़ी. दाल-चावल. और एक दिन वो सफेद, दाने-दाने वाला, छाछ के साथ. हमारी मक्के की उगाली जैसा, पर ढीला.”

ज्वारीच्या कण्या. ताकातल्या. जबलपूरच्या कुठल्या मेसमध्ये मिळतात सांगा? घरी पोचताच मी आईला आत बोलावलं.

“आई, मामाकडे तू कण्या केल्या होत्या ना?”

“हो. मामाचं पोट बिघडलं होतं ना तिसऱ्या दिवशी. काहून?”

मी सगळं सांगितलं. आईने हातातला ग्लास खाली ठेवला.

“मी कुठं आली इथं! मी तं तिथंच होती, तुयासमोर.” मग म्हणाली, “रोज एक ताट जास्त वाढून राहिली होती मी. तुयी मामी हसे. पोरीचं गिनलं होतं ना मनात, तं हात थांबेच ना. मग झाकून ठेवे.”

“आणि मग? कोणी खाल्लं ते?”

“मामीनं उचललं असन.”

मी तिथूनच मामीला फोन लावला. मामी म्हणाली, “मले वाटलं ताईच उचलते. मी पाहो तवा ताट घासूनच ठेवलेलं राहे.”

आईने नीमाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि जेवायला वाढायला उठली.

या गोष्टीला बरेच महिने झाले. कारण मला आजही सापडलेलं नाही. डीन सर समोर आले की अभ्यासाचं विचारतात, ताटाचं नाही. बाबा टीव्हीचा आवाज मोठा करतात. नीमाची परीक्षा झाली, ती चांगल्या मार्कांनी पास झाली.

पण युनियनमध्ये मी एक नियम भांडून करून घेतला. सुट्टीत बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, आमच्यातलं कोणीतरी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खोलीचं दार वाजवतं. दिवाळीला मी स्वतः वाजवली, एकूण एक. वॉर्डन मॅडम बरोबर होत्या. लोक म्हणतात, इतकं कशाला? कारण प्रत्येक वेळी कोणाची तरी आई येईलच, असं धरून युनियन चालवता येत नाही.