मी चालत आलो, तू उडी मारलीस

माझ्या भावाची, विनायकची बातमी मला दोनदा आली. पहिल्यांदा दुपारी, वाशीमच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन. “ताई, तुमचा विनायक स्टँडवर पेऊन पडला हाये. रसवंतीपाशी. लोकं पाहून राह्यले. येऊन घेऊन जा त्याले.” मी मंगरुळपीरला, शाळेतून नुकतीच घरी आलेली. मी ओरडलेच, “अहो, पेला नाही तो! साखर उतरली असंल त्याची. खिशात खडीसाखर असते, ती काढा अन् तोंडात घाला, आत्ताच्या आत्ता!” तर हे गृहस्थ म्हणतात, “मी तर घरी पोचलो ना ताई. येता येता दिसला, म्हटलं सांगून द्यावं.” येता येता दिसला! यांच्याच अंगणात धाकट्या भावासारखा वाढलेला माणूस रस्त्यात पडलेला दिसतो, आणि गाडीवरून खालीसुद्धा न उतरता घरी जायचं, हातपाय धुवायचे, मग बहिणीकडे चहाडी करायची. मी मिळेल ती बस धरली. वाटेत दुसरा फोन आला, दवाखान्यातून. कोणा ऑटोवाल्याने त्याला उचलून नेलं होतं, पण फार उशिरा. विनायक गेला होता.

महिना उलटून गेला. लोक म्हणतात, ताई, आता राग सोडा. नाही सोडत.

विनायक माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आमचे बाबा वाशीमच्या वेशीला लागून भाजीपाला करायचे. मेथीच्या जुड्या बांधता बांधता विनायक रेडिओवर इंग्रजी कॉमेंटरी ऐकायचा आणि तसंच्या तसं बोलून दाखवायचा. आई म्हणायची, “पोट्टं वांग्याईले इंग्रजी शिकवून राह्यलं.” पुढे त्याने बाजारात बियाण्यांच्या दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेतली आणि इंग्रजी बोलायचा क्लास काढला. जिन्यात कायम खताचा वास. तिथे खेड्यापाड्यांतून मुलं यायची, कोणाला मुलाखतीची भीती, कोणाला कॉलेजची. त्याने लग्न केलं नाही, आणि त्यावरही लोकांनी आपापले निकाल लावून टाकले होते. तो सरळ माणूस होता असं मी म्हणणार नाही. तिरसट होता, जेवणाची वेळ कधी पाळायचा नाही, आणि माझं शुद्धलेखन तपासायचा, मी शिक्षिका असून.

इंग्रजी तो पुस्तकातून कमी आणि कानांनी जास्त शिकला. मोबाइलवर परदेशी लोकांच्या मुलाखती, वादविवाद, नवराबायकोची भांडणं, काहीही ऐकत बसायचा. एकदा मला मुद्दाम फोन करून म्हणाला, “ताई, एक गंमत सापडली मले. इंग्रजी बोलणारा माणूस सोताबद्दल सांगते तवा म्हणते, आय केम टू द कन्क्लुजन. म्हणजे मी आलो, रस्त्यानं चालत, चपला झिजवत. अन् तेच समोरच्याबद्दल असलं का म्हणते, यू जम्प्ड टू द कन्क्लुजन. तू उडी मारली. पोचले दोघंबी निकालापाशीच. पण मी चालत आलो अन् तू उडी मारली!” तो पुढे असंही म्हणाला, की ‘आपण उडी मारायला नको’ असं जो फार गोड आवाजात म्हणतो, त्याची स्वतःची उडी बहुतेक आधीच मारून झालेली असते. मी विचारलं, “अन् आपल्याकडं रे?” तर खदाखदा हसला. “आपल्याकडं? आपण म्हणतो, मले वाटलं. झालं! विषय खतम.”

तो स्वतः काही यातून सुटलेला नव्हता. क्लासमध्ये इंझोरीची एक मुलगी यायची, वैशाली. शेवटच्या बाकावर बसायची, विचारलं तर गप्प. विनायकने तिला सगळ्यांसमोर झापलं, की अभ्यास करायचा नसेल तर बापाचे पैसे कशाला घालवतेस. नंतर कळलं, तिला डाव्या कानाने ऐकूच येत नाही, आणि डोक्यावर पंखा खडखडत असला की उजव्यानेही नीट नाही. विनायक दोन दिवस जेवला नाही. मग ऑइलपेंटचा डबा आणला आणि क्लासच्या फरशीवर, दारातून आत आलं की लगेच, दोन लाल रेघा ओढल्या, मधे पाच-सहा पावलांचं अंतर सोडून. अलीकडची रेघ म्हणजे डोळ्यांना दिसलं ते. पलीकडची म्हणजे निकाल. कोणाबद्दल काही ठाम बोलायचं असेल, तर अलीकडच्या रेघेवर उभं राहायचं आणि एका पावलाला एक प्रश्न विचारत पलीकडे जायचं. इंग्रजीत. पोरं हसायची, अडखळायची, पण चालायची. पहिल्यांदा तो स्वतः चालला, वैशालीसमोर, आणि पलीकडच्या रेघेवर पोचल्यावर तिला सॉरी म्हणाला. तेव्हापासून ती पहिल्या बाकावर बसू लागली.

पुढे त्याला साखरेचा आजार जडला, इन्सुलिन सुरू झालं. साखर एकदम उतरली की त्याला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, जीभ जड व्हायची. अशा वेळी दोन खडे तोंडात टाकले की पाच-दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर. म्हणून खडीसाखरेची पुडी कायम खिशात. मुंग्या लागू नयेत म्हणून वर प्लास्टिकची पिशवी, आमच्या बोलीत पन्नी, आणि तिला गाठ.

त्या दिवशी तो सकाळी आसेगावला मुलांना शिकवायला गेला होता. सुई टोचून घेतली, आणि नेहमीप्रमाणे जेवण राहून गेलं. भर उन्हात वाशीमला उतरला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दवाखान्यात त्याच्या वस्तू माझ्या हातात दिल्या, त्यात ती पुडीही होती. गाठ तशीच. गाठीपाशी प्लास्टिक चुरगळून पांढरं पडलेलं... तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

क्लासच्या खोलीत शोकसभा झाली. स्टँडवरची कुजबुज सगळ्यांच्या कानावर गेलेलीच होती, म्हणून जो उठेल तो एकच सांगत होता, की सरांनी आयुष्यात दारूचा थेंब शिवला नाही. आमच्या त्या शेजाऱ्यांनीसुद्धा सांगितलं! मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, “शिवला होता. पोळ्याच्या संध्याकाळी घ्यायचा, लग्नांत घ्यायचा, आईपासून लपवायचा. त्या दिवशी घेतली नव्हती. पण समजा घेतली असती, तर? पेलेल्या माणसाले उन्हात मरू द्यायचं असते काय?” कोणीतरी मागून म्हणालं, “ताई, आज तरी नका...” आज नको तर कधी? सगळ्यांना त्याच्या नावावरचा डाग धुवायचा होता. मेलेल्याचं चारित्र्य स्वच्छ झालं की जिवंत माणसं घरी जायला मोकळी.

चार दिवसांनी मी स्टँडवर गेले. रसवंतीवाला उसाचं कांडकं मशीनमध्ये घालत होता, घुंगरं वाजत होती. मी कोण ते सांगितलं. त्याने मान खाली घातली, पण बोलला.

“बाई, पाय लटपटत होते त्याचे. जीभ जड. रस, रस करून राह्यला होता. मले वाटलं, पेला हाये.”

“वास आला होता?”

“जवळ कोन जाते, बाई?”

“मागत होता तर रस कायले नाही देला?”

“म्या म्हटलं, पैले दारू उतरू दे तुही, मंग ये. गिऱ्हाइकं होते, बायामाणसं होती.” मग एकदम, जणू आता पुरावाच सापडला अशा आवाजात म्हणाला, “अन् पन्नी चावत होता, बाई! खिशातून पन्नी काढली अन् दातानं चावत बसला. शाना माणूस पन्नी चावते काय?”

समोर टोपलीत सोललेले ऊस रचलेले होते. मी पर्समधून ती पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

“सोडा ही.”

“काय हाये हे?”

“सोडा तर.”

त्याने नखांनी गाठ ओढली. बोटं रसाने ओली, निसटत होती. धोतराला पुसून पुन्हा ओढली. सुटेना. मग, कोणीही करेल तसं, त्याने गाठ दाताशी नेली... आणि तिथेच थांबला. आतले खडे त्याला दिसले असावेत. त्याने मशीन बंद केलं. पुडी दोन्ही हातांनी मला परत दिली. त्याने एक ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. मी तो घेतला नाही. तेवढी मोठ्या मनाची मी नाही.

क्लासची खोली या महिन्याच्या शेवटी मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. तो नवी फरशी बसवणार आहे, म्हणजे रेघा जातील. मी बाकं मोजून घ्यायला जाते आणि तशीच बसून राहते. पुडी विनायकच्या टेबलावर ठेवली आहे. काल वैशाली आली. आता ती नोकरी करते, कानाला यंत्र लावते. दारातून आत आली, लाल रेघेपाशी थबकली, आणि सवयीने एक एक पाऊल टाकत पलीकडे आली. टेबलावरची पुडी तिने उचलली, उलटसुलट करून पाहिली, गाठीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “ताई, काय आहे हे?”

मी रडायला लागले. ती घाबरली, तिला वाटलं काही चुकीचं बोलली. नाही गं बाई... एवढंच विचारायचं होतं कोणीतरी.