खोलात नको

"ही सपोर्टिव्ह. खोलात नको."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या समोरच बसले होते. बाजूला शिकायला आलेली पोरं. त्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "का, सर?"

"बॅकग्राउंड बघा ना. या लोकांना स्वतःच्या आत बघायची सवय नसते. सपोर्टिव्ह म्हणजे नुसता आधार. धीर द्यायचा, झोप सुधारायची, पाठवायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जन्माची सवय.

बॅकग्राउंड मीच सांगितलं होतं, नुकतंच. सांगलीतल्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात मी झोप उडाली म्हणून गेले होते. डॉक्टरांनी आधी आडनाव विचारलं. आमचं आडनाव कुणातही खपतं. मग गाव विचारलं. माण तालुका, दहिवडीच्या पुढं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा हळूच म्हणाले, "म्हणजे कुणाच्यातले तुम्ही?" सांगलीत आल्यापासून या प्रश्नाला मी खोटं उत्तर देत आले होते. त्या दिवशी खरं दिलं. डॉक्टरपाशी लपवू नये म्हणतात.

खोटं बोलत होते ते खोलीसाठी. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. खोली शोधताना ज्यानं त्यानं "कळवतो" म्हणून वाटेला लावलं. शेवटी एका काकूंना मी दुसरीच जात सांगितली. खोली मिळाली. काकू सणाला पोळीही आणून द्यायच्या. मी ती मान खाली घालून खायचे.

मग एका रविवारी तात्या आले. माझे वडील. वडूजच्या बाजारात हमाली करून त्यांनी मला शिकवलं. न कळवता आले, पिशवीत शेंगा घेऊन. काकू दारातच उभ्या होत्या. तात्यांनी आयुष्यभर माणसाला जसा नमस्कार केला तसाच केला. "जय भीम, ताई."

काकूंचा चेहरा उतरला. "कोण गं हे?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणाले. "ओळखीचे."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काकूंनाच म्हणाले, "व्हय, वळखीचा हाय. हिच्या बापानं शेंगा दिल्यात्या, पोचवाय आलो." पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि वळले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी कोपऱ्यापर्यंत मागे गेले. तिथं थांबून म्हणाले, "बरं केलंस, बाय. न्हाईतर खोली गेली असती."

पुढच्याच महिन्यात ते गेले. हार्ट अटॅक. मधल्या दिवसांत मला गावी जाऊन पाय धरायचे होते. सुट्टी मिळत नाही, असं मी मलाच सांगत राहिले. सुट्टी मी मागितलीच नव्हती. झोप उडाली ती तेव्हापासून.

सपोर्टिव्हनं मला सावरलं, हे मी नाकारत नाही. डॉक्टर विचारायचे, या आठवड्यात काय जमलं? दोन घास जमले. कामावर जाणं जमलं. जे जमलं ते धरून ठेवा, म्हणायचे. जे उभं आहे ते पडू द्यायचं नाही, असं ते काम. हलकं काम नाही ते. सुरुवातीला कुणी मला खोलात नेलं असतं तर मी बुडालेच असते.

पण मी उभी राहिले. आणि तरी सपोर्टिव्हच. तात्यांचं नाव काढलं की डॉक्टर थोपवायचे. "तुमची काही चूक नाही. मन दुसरीकडे वळवा." चूक होती. तीच तर मला छळत होती. नाही म्हणून सांगितल्यावर ती मी कुणापुढे ठेवायची?

एकदा मी डॉक्टरांच्या खोलीत गेले, तेव्हा ते पोरांना शिकवत होते. "आधार द्यायचा की खोलात जायचं, हे पेशंटची ताकद बघून ठरवायचं. ताकद वाढली की पुन्हा ठरवायचं." पोरं लिहून घेत होती. माझं पुन्हा कधी ठरलंच नव्हतं. या वेळी मान डोलावली नाही.

"डॉक्टर, माझी ताकद कधी बघितली?"

"म्हणजे?"

"तुम्ही माझं गाव बघितलं. जात बघितली. आता मला विचारा, बापाला ओळखीचा का म्हणालीस."

"झेपणार नाही तुम्हाला."

"ते तपासून सांगा. कुणाच्यातली ते विचारून नको."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. पोरं खाली बघत होती.

मी तिथून थेट घरी गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी म्हणाले, "काकू, शेंगा घेऊन आले होते ते माझे वडील. आम्ही बौद्ध." हात थांबले त्यांचे. भाजी बाजूला सारून म्हणाल्या, "महिनाअखेर खोली मोकळी कर." खोटं बोललीस म्हणून, असंही म्हणाल्या. खरं बोलले असते तर उंबरा ओलांडू दिला नसता, ते त्यांनाही ठाऊक होतं.

मी बाप नाकारला. तो वाटा माझा. तो कुणी पुसायला येऊ नये, डॉक्टरांनीही नाही. पण जात विचारून दार लावणाऱ्यांचा वाटाही मी आजवर माझ्याच पदरात घेऊन रात्र रात्र जागले. तो मी आता उचलणार नाही. पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांसमोरच्या त्याच खुर्चीत जाऊन बसणार. डॉक्टर बदलले नाहीत, तर मी डॉक्टर बदलीन. आणि नवीन खोली बघायला जाईन, तेव्हा आधी जात सांगेन, मग भाडं विचारीन.