एकशे तेरावा दोष

सुरेंद्र खांबेट्यांनी एकोणतीस वर्षांत एकदाही खोटा लाल टॅग लावला नाही, हे चाकणच्या त्या कारखान्यात त्यांचे वैरीसुद्धा कबूल करायचे. आणि वैऱ्यांची काही कमी नव्हती. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तिथे बनत. लाइनच्या शेवटी खांबेट्यांचं क्वालिटी तपासणीचं टेबल होतं. हातात माप तपासायचं गेज, खिशात लाल टॅगांची चळत. टॅग लागला की तो माल बाद. पोरं त्यांना मागे ‘लाल सायेब’ म्हणत.

धनेश नावाचा एक ऑपरेटर होता. त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता त्याच दिवशी खांबेट्यांनी त्याचा अख्खा लॉट अडवला.

“सर, दोन शतांश मिलिमीटरचाच फरक हाय. उद्या सकाळी लवकर येऊन सगळा निवडून देतो,” धनेश गयावया करू लागला.

“ब्रेक उद्या सकाळी लागला तर चालेल का गाडीला?”

धनेश थांबला. साखरपुडा त्याच्यावाचून झाला. लॉट खरोखरच खराब होता. खांबेटे बरोबर होते. ते नेहमीच बरोबर असत, आणि बरोबर असण्याची त्यांना जेवणापेक्षाही जास्त गोडी होती.

घरीही तेच. बायकोच्या, मृदुलाबाईंच्या, पोळीची कडा जाड आहे हे सांगायला ते एकाही जेवणात विसरले नाहीत. मुलगी इरा बोर्डाच्या परीक्षेत शाळेत दुसरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, “पहिली कोण?” इरा आता बंगळुरात होती. दर रविवारी फोन करायची, आणि कामापुरतं बोलून ठेवून द्यायची.

मग कारखान्यात कॅमेऱ्याचं यंत्र आलं. ते एका सेकंदात चार भाग तपासायचं आणि कुणाच्या साखरपुड्याच्या दिवशीही चिडायचं नाही. खांबेट्यांना पुष्पगुच्छ मिळाला, शाल मिळाली, आणि ते पिंपळे सौदागरच्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन बसले. दोन महिन्यांत त्यांनी सोसायटीची लिफ्ट, पाण्याची टाकी आणि वॉचमनची वही तपासून काढली. तिसऱ्या महिन्यात कमिटीने त्यांना लेखी विनंती केली, की कृपया आता पुरे. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, मन रमवा.

इराने लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. “बाबा, यात जिंकायचं काही नाही. नुसतं गाव वसवायचं.”

खेळाचं नाव होतं ‘पाणवठा’. यादवांच्या काळातला नदीकाठ. आधी चार झोपड्या, मग कुंभारवाडा, तेलघाणा, बारव, पेठ, देऊळ. शत्रू येत नाही, दुष्काळ पडत नाही, घड्याळ मागे लागत नाही. माणसं हळूहळू म्हातारी होतात आणि पारावर जाऊन बसतात, एवढंच. खेळणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. जिथून खेळ विकत घ्यायचा त्या पानावर लोकांनी भरभरून लिहिलं होतं. तळेगावच्या एका नर्सने लिहिलं होतं, “वॉर्डातलं कण्हणं कानांतून जाईपर्यंत मी इथे मडकी वाळत घालते.” भोसरीच्या कुणा वेल्डरने लिहिलं होतं, “बायकोनंतर हाच एक शांत कोपरा. खरं तर बायकोच्या आधी.”

खांबेटे दुपारचं जेवण झालं की बसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी पेठ वसवली. दुसऱ्यात घाट बांधला. त्यांच्या गावचा पहिला तेली म्हातारा होऊन पारावर जाऊन बसला, त्या दिवशी त्यांनी खेळ थांबवला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. रक्तदाब उतरला. असं काही त्यांना पूर्वी कशानेच झालं नव्हतं. पण चांगलं वाटलं तर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. चुकलेलं दिसलं तर काय करायचं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी वही घेतली.

सातशे चाळीस तास खेळल्यावर त्यांनी आपला अभिप्राय टाकला. एकशे बारा दोष, क्रमांकानिशी. बारवेच्या पायऱ्या एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला अठरा. वारा पूर्वेचा असताना भट्टीचा धूर पूर्वेकडे जातो. बायका रिकामी घागर घेऊन जाताना जेवढ्या वाकतात, तेवढ्याच भरलेली आणताना वाकतात. अंगणात लाल मिरची वाळते आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, यादवांच्या अंगणात ती कुठून? खाली लिहिलं होतं, “निष्कर्ष : नॉट ओके. शिफारस नाही.” त्याखाली संपूर्ण नाव, माजी हुद्दा आणि फोन नंबर.

लोक आधी हसले. “सातशे चाळीस तास खेळून काका म्हणतात नॉट ओके!” हजारोंनी त्या अभिप्रायाला पसंती दिली आणि तो सगळ्यांत वर जाऊन बसला. नवीन येणारा माणूस आधी तोच वाचायचा. मग हसणं थांबलं. कारण धूर उलटा जातो हे एकदा वाचलं की डोळ्यांना दुसरं काही दिसेना. लोक पायऱ्या मोजू लागले. दोष शोधायचीच चढाओढ लागली. जो तो खाली ‘नॉट ओके’ लिहू लागला. तळेगावच्या नर्सने पुन्हा येऊन लिहिलं, “आता खेळ उघडला की मी मिरच्याच बघत बसते. बंद केला.”

खांबेट्यांनी ते वाक्य मृदुलाबाईंना वाचून दाखवलं.

“बिचारी,” मृदुलाबाई म्हणाल्या.

“बिचारी कसली? डोळे उघडले तिचे.”

पंधरा दिवसांनी एक मुलगी फोन करून घरी आली. उत्कर्षा भोंडवे. तिशीची असेल. खेळ तिनेच बनवला होता, रावेतमधल्या घराच्या पहिल्या मजल्यावर, दोन मित्रांच्या सोबतीनं, चार वर्षं खपून. बरोबर तिचे आजोबा होते, सोपानराव. पांढरी टोपी, हातात काठी. खेळातलं गाव त्यांनी सांगितलं होतं आणि नातीनं ते उभं केलं होतं.

उत्कर्षानं वही उघडली. “काका, राग नाही आला. तुमच्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलंच नाही. सगळं दुरुस्त करायचंय मला. एकेक समजावून द्याल?”

खांबेटे साडेतीन तास बोलले. मृदुलाबाईंनी तीनदा चहा केला. एकोणसाठाव्या दोषाशी सोपानराव पहिल्यांदा बोलले. दोष होता गावच्या वेशीचा. वेस नदीकडे तोंड करून होती. खांबेट्यांचं म्हणणं, हे चूक. पूर आला की पाणी सरळ पेठेत शिरेल.

“साहेब, आमच्या गावची येस नदीकडंच व्हती,” सोपानराव म्हणाले. “पानी यायचं, पायरीला लागायचं. माझी आज्जी ववाळायची. मंग मागं जायाचं.”

“पुरावा?”

“म्या पाह्यलंय की.”

“कुठल्या कागदावर आहे? नकाशा, फोटो?”

“तवा कुठलं फोटू. तितं आता बिल्डिंगी झाल्या.”

“मग आठवणीवर माल पास होत नाही, आजोबा. आठवण म्हणजे गेज नव्हे.”

सोपानरावांनी नातीकडे पाहिलं. नात वहीत लिहीत होती. 

सात महिने उत्कर्षा येत राहिली. दर गुरुवारी दुपारी, लॅपटॉप घेऊन. झालेलं काम दाखवायची, खांबेटे तपासायचे, वहीत बरोबरची खूण करायचे. बुधवारीच ते मृदुलाबाईंना सांगून ठेवायचे, “उद्या ती येणार, पोहे कर. आणि शेंगदाणे नीट भाज.” गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. सोपानराव एकदाच पुन्हा आले. त्या दिवशी उत्कर्षानं फिरवलेली वेस दाखवली. म्हाताऱ्यानं पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि काठी उचलली. “चांगलं झालंय,” ते म्हणाले. “आपलं गाव न्हाई ह्ये आता, पर चांगलं झालंय.” खाली जाऊन ते गाडीत बसून राहिले.

एकशे बारावा दोष मिटला त्या गुरुवारी उत्कर्षानं पेढे आणले होते.

“काका, एक विनंती आहे. परदेशातली एक कंपनी खेळ घ्यायला तयार आहे, जगभर पोहोचवेल. त्यांची अट एकच. सगळ्यांत वरचा अभिप्राय तेवढा मिटवा म्हणाले. तुम्ही फक्त ‘शिफारस आहे’ एवढं केलंत तरी पुरे.”

“तपासून सांगतो,” खांबेटे म्हणाले.

नऊ दिवस त्यांनी तपासलं. धूर बरोबर जात होता. भरल्या घागरीनं बायका वाकत होत्या. अंगणात मिरच्यांच्या जागी हळकुंडं वाळत होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. नवव्या दिवशी ते पडद्यावरच्या ‘शिफारस आहे’च्या बटणाकडे बघत बसले. बटण दाबलं की काम संपलं. पेढे खाऊन झालेच होते. पुढच्या गुरुवारी कोण येणार होतं?

त्यांनी वहीत आकडा घातला : एकशे तेरा. “तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात घाटाकडे चाललेला एक माणूस चालता चालता नाहीसा होतो. नेहमी होत नाही. कधी कधी होतं.”

मृदुलाबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. गेले कित्येक महिने त्याही तो पडदा बघत होत्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. “खरंच होतो नाहीसा? मला नाही कधी दिसला.”

“तू होतीस का क्वालिटीत?”

मृदुलाबाई परत मेथीकडे वळल्या.

कधी कधी होणारा दोष हा कारखान्यातसुद्धा सगळ्यांत वाईट. नेहमी होणारा सापडतो. हा आहे हेही सिद्ध होत नाही, नाही हेही होत नाही. खांबेट्यांना हे चांगलं ठाऊक होतं.

उत्कर्षा शोधायला लागली. पहिल्या गुरुवारी तिनं विचारलं, “काका, कुठला माणूस? कुंभार, तेली?” खांबेटे म्हणाले, “बदलतो.” दुसऱ्या गुरुवारी तिनं सगळा पावसाळा दोनशे वेळा चालवून पाहिल्याचं सांगितलं. खांबेटे म्हणाले, “दोनशे कमी आहेत.” तिसऱ्या गुरुवारी तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पोहे तिनं तसेच ठेवले. चौथ्या आठवड्यात तिच्या एका मित्रानं हिंजवडीत नोकरी धरली. सहाव्यात दुसऱ्यानं. “तो म्हणतो असा दोषच नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं, काकांचे एकशे बारा खरे निघाले, तेरावा खोटा कसा असेल?”

 खांबेट्यांनी पाण्याचा घोट घेतला. “शोध,” ते म्हणाले. “शोधशील तर सापडेल.”

सातव्या गुरुवारी ती आली नाही. आठव्याही. खांबेट्यांनी फोन केला, उचलला गेला नाही. परदेशी कंपनीनं दुसरा कुठला तरी खेळ घेतला, अशी बातमी त्यांना खेळाच्या पानावरच वाचायला मिळाली. खाली लोकांनी हळहळ लिहिली होती. उत्कर्षाच्या घराच्या पहिल्या मजल्यावर आता शिकवणीचा क्लास सुरू झाला, हे इस्त्रीवाल्याकडून कळलं. तो रावेतचाच होता.

दिवाळीच्या आधी काळेवाडीच्या बाजारात खांबेटे पणत्या घेत असताना उत्कर्षा त्यांना भेटली. गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र होतं. खांबेटे चटकन पुढे झाले.

“काय गं, येणंच सोडलंस. ते एकशे तेरा राहिलंय आपलं.”

उत्कर्षानं पणत्या पिशवीत ठेवल्या. “मृदुलाकाकूंनी फोन केला होता मला. सातव्या आठवड्यात. म्हणाल्या, शोधू नकोस बाळा, नाहीये तो.”

भोवती गर्दी होती. कुणीतरी आकाशकंदिलाची घासाघीस करत होतं. खांबेट्यांना वाटलं, ही आता ओरडेल. ती ओरडली नाही. ती वाट बघत होती. एखाद्या शब्दाची, कुठल्याही. ‘चुकलो’ हा शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आलाही. पण आजवर त्या जिभेवरून तो एकदाही गेला नव्हता, आणि वाट माहीत नसल्यासारखा तो तिथेच अडला.

“टेस्टिंग नीट केलं असतंस,” खांबेटे म्हणाले, “तर पहिल्याच दिवशी कळलं असतं तुला, की नाहीये.”

 उत्कर्षानं मान हलवली, एखादं उत्तर पटल्यावर हलवतात तशी. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “आजोबा गेले श्रावणात. तुम्हाला कळवायचं राहिलं.” तिनं स्कूटर सुरू केली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

खांबेटे घरी आल्यावर मृदुलाबाईंनी त्यांनी आणलेल्या पणत्या हातात घेऊन पाहिल्या. दोनांना तडा गेला होता. खांबेटे बोलतील म्हणून त्यांनी थोडं थांबून बघितलं, पण ते काही बोलले नाहीत. तेव्हा त्यांनीच त्या दोन बाजूला काढल्या आणि विचारलं, “कुणी भेटलं का बाजारात?”

“नाही,” खांबेटे म्हणाले, आणि जेवायच्या आधीच लॅपटॉप उघडून ‘पाणवठ्या’तला तिसऱ्या वर्षीचा पावसाळा लावून बसले.